एक इंग्रजी शब्द, अनेक पोर्तुगीज शब्द: भाषांतरात मराठीची चाळणी कशी लावायची

हिंजवडीतल्या सॉफ्टवेअर कंपनीचं किंवा चाकणच्या सुट्या भागांच्या कारखान्याचं पोर्तुगीज भाषांतराचं काम बहुतेक वेळा एक्सेलच्या तक्त्यात येतं. डावीकडे इंग्रजी मजकूर, उजवीकडे रिकामा रकाना. मध्येच एखाद्या ओळीत एकटाच शब्द असतो: ‘की’. मागे काही नाही, पुढे काही नाही. शब्दकोशातला पहिला अर्थ, ‘शावे’, लिहून पुढच्या ओळीवर जाणं सोपं असतं. तो चुकल्याचं कळतं ब्राझीलमधल्या तंत्रज्ञाच्या हातात पुस्तिका पडल्यावर.

अशा जागी इंग्रजीतून थेट पोर्तुगीजवर उडी मारू नका. आधी तो शब्द त्या वाक्यात मराठीत म्हणून बघा. इंग्रजी एका शब्दात जे कोंबते ते मराठी पुष्कळदा वेगवेगळं ठेवते, आणि पोर्तुगीजही. ‘इंटरेस्ट’ घ्या. बँकेतलं असेल तर व्याज, म्हणजे ‘जूरोस’. गाण्यात असेल तर रस, म्हणजे ‘इंतेरेसे’. ‘आस्क’ हे क्रियापद इंग्रजी भाषकाला पोर्तुगीज शिकताना फार छळतं. मराठी माणसाला ते छळायचं कारणच नाही: विचारणं म्हणजे ‘पेर्गुंतार’, मागणं म्हणजे ‘पेदिर’. ‘पार्टी’ राजकीय असली तर पक्ष, ‘पार्तीदो’. करारातली असली तर पक्षकार, ‘पार्ते’. वाढदिवसाची असली तर ‘फेस्ता’. ‘सूट’ कोर्टात असेल तर दावा, ‘आसांव’. अंगावर असेल तर लिस्बनला ‘फातो’ आणि साओ पावलोला ‘तेर्नो’. पत्त्यांत असेल तर ‘नाइपे’.

अट एकच, आणि ती पुण्यात पाळायला अवघड आहे: चाळणीत खरा मराठी शब्द घालायचा. आपण रोज ‘बोर्ड’, ‘चार्ज’, ‘फाईल’, ‘फी’ असंच बोलतो, त्यामुळे मराठीत म्हणून बघायचं म्हटलं तरी तोंडात इंग्रजीच शब्द येतो आणि चाळणी तुंबते. तेव्हा स्वतःला भाग पाडा. ‘बोर्ड’ म्हणजे नक्की काय? फळी असेल तर ‘ताबुआ’. वर्गातला फळा असेल तर ‘क्वाद्रो’, ब्राझीलमध्ये ‘लोझा’सुद्धा. बुद्धिबळाचा पट ‘ताबुलेइरो’, संगणकातलं सर्किट बोर्ड ‘प्लाका’, संचालक मंडळ ‘कोंसेल्यो दे आदमिनिस्त्रासांव’, आणि हॉटेलच्या दरपत्रकातला ‘फुल बोर्ड’ म्हणजे तिन्ही वेळचं जेवणखाण धरून राहणं, ‘पेंसांव कोंप्लेता’. दहावीची ‘बोर्ड एक्झाम’ मात्र यातल्या कशातच बसत नाही. तिथे ‘दहावीची राज्यस्तरीय परीक्षा’ असं उलगडून लिहावं लागतं.

पोर्तुगीज शब्द इथे देवनागरीत दिले आहेत, स्पेलिंगच्या जवळ राहतील असे. शब्दकोशात शोधताना एवढं लक्षात ठेवा: ‘श’ हा आवाज कधी सी-एच या जोडीने लिहितात (शावे), कधी एक्स या अक्षराने (ताशा). ‘ल्य’ला एल-एच, ‘न्य’ला एन-एच. शेवटचा ‘ओ’ बोलताना दोन्ही देशांत ‘उ’कडे झुकतो.

‘की’ची पूर्ण चाळणी

कुलपाची किल्ली म्हणजे ‘शावे’. आपली ‘चावी’ याच शब्दापासून आली आहे. जुन्या पोर्तुगीजमध्ये सी-एच या जोडीचा उच्चार ‘च’ असा होता, म्हणून मराठीत ‘च’ राहिला आणि तिकडे त्याचा ‘श’ झाला. या नात्यामुळेच मराठी भाषांतरकाराचा हात ‘शावे’कडे नको तिथेही वळतो.

कीबोर्डवरची, पियानोवरची किंवा पेटीची ‘की’ म्हणजे ‘तेक्ला’. ‘एंटर की दाबा’ इथे ‘शावे’ लिहिलं तर वाचणारा कुलूप शोधेल. संगीतातली ‘की’ वेगळी. पेटीवर बोट ठेवतो ती पट्टी आणि गायकाची पट्टी, दोन्हींना मराठीत ‘पट्टी’च म्हणतात, पण पोर्तुगीजमध्ये पहिली ‘तेक्ला’ आणि दुसरी ‘तोनालिदादे’ किंवा बोलण्यात नुसतं ‘तों’. ‘काळी एक’ असं लिहिलेलं असेल तर ते ‘दो सुस्तेनीदो’ असं स्वराच्या नावाने न्यावं. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मोजून स्वर सांगायची आपली पद्धत तिकडे नाही.

नकाशाच्या कोपऱ्यातली खुणांची सूची ‘लेजेंदा’. प्रश्नपत्रिकेची उत्तरसूची ब्राझीलमध्ये ‘गाबारीतो’, पोर्तुगालमध्ये ‘सोलुसोंइस’. डेटाबेसमधली प्रायमरी की ‘शावे प्रिमारिया’, कूटलेखनातली पब्लिक की ‘शावे पुब्लिका’. पैसे पाठवण्यासाठी आपल्याकडे यूपीआय आयडी असतो तशी ब्राझीलमध्ये ‘शावे पिक्स’ असते. ‘पिक्स’ ही पैसे पाठवायची सोय तिथल्या मध्यवर्ती बँकेने 2020 मध्ये सुरू केली, त्यामुळे त्याआधी छापलेल्या शब्दकोशांत हा अर्थ सापडणार नाही.

चाकणच्या कामात मात्र जपून. ॲलन की म्हणजे ‘शावे आलेन’, इथपर्यंत ठीक, कारण पान्यालाही पोर्तुगीजमध्ये ‘शावे’च म्हणतात: लहानमोठा करता येणारा पाना ‘शावे इंग्लेझा’, पेचकस ‘शावे दे फेंदा’. पण शाफ्टवर गिअर किंवा पुली फिरू नये म्हणून खाचेत बसवतात ती ‘की’ म्हणजे ‘शावे’ नव्हे, ‘शावेता’. आणि ती खाच, म्हणजे की-वे, ‘राझगो दे शावेता’. सुट्या भागांच्या यादीत शेवटचा ‘ता’ राहिला तर गोदामातून पाना येईल.

उलट दिशेनेही बघून घ्या. ब्राझीलच्या विजेच्या आकृत्यांत ‘शावे’ म्हणजे बऱ्याचदा स्विच. लिमिट स्विच म्हणजे ‘शावे फीं दे कुर्सो’. आणि संगणकाच्या पुस्तिकेत ‘शावेस’ हे महिरपी कंसांचंही नाव आहे. ‘महिरपी कंसातल्या कीज’ असं वाक्य आलं तर दोन्हीकडे ‘शावेस’ येऊन गोंधळ होतो. तिथे आतल्या नावांसाठी ‘नोमेस दास शावेस’, म्हणजे ‘कीजची नावं’, असं लिहून वाक्य मोकळं करावं.

नुसता विशेषण म्हणून आलेला ‘की’, जसा ‘की पॉइंट’मध्ये येतो, तो ‘फुंदामेंताल’ किंवा ‘प्रिंसिपाल’ने भागतो.

कारखान्यातले शब्द

इथे जुने मराठी शब्द माहीत असणं सोन्यासारखं आहे. ‘फाईल’ हत्यारांच्या यादीत असेल तर ती कानस, पोर्तुगीज ‘लीमा’. संगणकावरची फाईल ब्राझीलमध्ये ‘आर्कीवो’, पोर्तुगालमध्ये ‘फिशेइरो’. ‘स्प्रिंग’ यंत्रातली असेल तर ‘मोला’, ऋतू असेल तर ‘प्रिमावेरा’, डोंगरातला झरा असेल तर ‘नासेंते’. बोल्टाचा ‘नट’ म्हणजे ‘पोर्का’. याचा दुसरा अर्थ डुकरीण, पण घाबरून बदलू नका, हाच बरोबर शब्द आहे. ‘नॉझ’ लिहिलंत तर तो अक्रोड होतो. गाडी उचलायचा ‘जॅक’ म्हणजे ‘माकाको’, शब्दशः माकड, आणि तेही बरोबर. सामान उचलणारी ‘क्रेन’ ‘गिंदास्ते’. क्रौंच पक्षी ‘ग्रोउ’.

सगळ्यात जास्त फसवतो तो ‘प्ले’. ‘बेअरिंगमध्ये प्ले आहे का तपासा’ हे वाक्य वाहनांच्या दुरुस्तीच्या पुस्तिकांत नेहमी येतं. भाषांतरकार खेळाच्या अर्थाचा शब्द घालतो आणि वाक्य निरर्थक होतं. हा प्ले म्हणजे भागांमधला ढिलेपणा, त्याला शब्द ‘फोल्गा’. याच शब्दाचा दुसरा अर्थ कामावरची सुट्टी, पण बेअरिंगच्या वाक्यात कोणी तसं वाचणार नाही. बेअरिंग स्वतः ‘रोलामेंतो’, पण ते गोळ्यांचं किंवा रोलरचं असलं तरच. साधं, घसरणारं बेअरिंग ब्राझीलमध्ये ‘मांकाल’ आणि पोर्तुगालमध्ये ‘शुमासेइरा’. चित्र बघितल्याशिवाय यातलं एक निवडू नका.

‘प्लांट’ म्हणजे कारखाना असेल तर ‘फाब्रिका’ हा सुरक्षित शब्द. वीजनिर्मितीचा असेल तर ब्राझीलमध्ये ‘उझीना’, पोर्तुगालमध्ये ‘सेंत्राल’. ‘प्लांता’ म्हणजे रोप, आणि इमारतीचा नकाशाही. बांधकामाच्या कागदांत हा दुसरा अर्थ आधी डोक्यात येतो.

मराठीची चाळणी कुठे गळते

सगळ्या जागी मराठीवर विसंबता येत नाही. काही भोकं मोठी आहेत आणि ती पाठच करून ठेवायला हवीत.

‘खेळणं’ मराठीत एकच, पण फुटबॉल किंवा बुद्धिबळ नियमाने खेळायचं तर ‘जोगार’, आणि अंगणात पोरं नुसती खेळताहेत तर ‘ब्रिंकार’. वाजवणं वेगळं, ‘तोकार’. ते मराठी बरोबर वेगळं ठेवते. ‘कोपरा’ही एकच: खोलीतला, आतून दिसणारा कोपरा ‘कांतो’, रस्त्याचा, बाहेरून वळसा घालायचा कोपरा ‘एस्कीना’. ‘चौकाच्या कोपऱ्यावरचं दुकान’ म्हणजे ‘एस्कीना’. फुटबॉलमधला कॉर्नर पोर्तुगालमध्ये ‘कांतो’, ब्राझीलमध्ये ‘एस्कांतेइयो’.

‘लाइट’च्या बाबतीत मराठी अर्धी मदत करते. उजेड ‘लूझ’, वजनाला हलका ‘लेवे’, पेटवणं ‘आसेंदेर’. पण आपण ‘हलका निळा’ही म्हणतो, आणि रंगाला ‘लेवे’ चालत नाही. तिथे ‘क्लारो’, म्हणजे ‘आझूल क्लारो’. ‘चुकणं’ तर चारी बाजूंनी गळतं. बस चुकली तर ‘पेर्देर’, नेम चुकला तर ‘एर्रार’, वर्ग चुकवला तर ‘फाल्तार’. पुस्तकातली दोन पानं गहाळ असली तरी ‘फाल्तार’च. इंग्रजीत या सगळ्याला ‘मिस’. आणि ‘आय मिस यू’ला यातलं एकही क्रियापद नाही, तिथे बहुतेक वेळा ‘साउदादे’ हा शब्द येतो.

‘माहीत असणं’ आणि ‘ओळखणं’ या जोडीला ‘साबेर’ आणि ‘कोन्येसेर’ बहुतेक जुळतात. ‘मला पोहता येतं’ हेही ‘साबेर’. गळती गावांच्या बाबतीत होते. ‘मला पुणे माहीत आहे’ याचा अर्थ मी तिथे गेलोय, फिरलोय असा असेल तर ‘कोन्येसेर’ लागतं, आपल्या ‘माहीत’कडे बघून ‘साबेर’ लिहिलं की चुकलं.

‘टाइम’ मात्र मराठी माणसाला अगदी सुरेख वेगळा करता येतो, फक्त लिंगाकडे कान द्यायला हवा. वेळ लागला, पुल्लिंगी: ‘तेंपो’. निघायची वेळ झाली, स्त्रीलिंगी: ‘ओरा’. तीन वेळा: ‘त्रेस वेझेस’. एकाच शब्दाच्या लिंगाने आपण जो फरक करतो त्याला पोर्तुगीजमध्ये स्वतंत्र शब्द आहेत.

पोर्तुगीजही लिंगाने अर्थ बदलते. पुल्लिंगी ‘ओ कापिताल’ म्हणजे भांडवल, स्त्रीलिंगी ‘आ कापिताल’ म्हणजे राजधानी. ‘राइट’मध्ये तर एका अक्षराचा खेळ आहे: हक्क म्हणजे ‘दिरेइतो’, उजवी बाजू म्हणजे ‘दिरेइता’, आणि बरोबर उत्तर म्हणजे ‘सेर्तो’. स्क्रीनवरच्या बाणाखाली ‘दिरेइतो’ पडलं तर हक्काची गोष्ट चालल्यासारखं वाटतं.

कुठल्या देशासाठी, हे पहिल्या दिवशी विचारा

ब्राझील की पोर्तुगाल हे ठरल्याशिवाय अर्थ निवडून काही उपयोग नाही. अंगोला आणि मोझांबिक लेखनात बहुतांशी पोर्तुगालची रीत पाळतात. ‘सेव्ह’ बटण ब्राझीलमध्ये ‘साल्वार’, पोर्तुगालमध्ये ‘ग्वार्दार’. स्क्रीन ‘तेला’ आणि ‘एक्रां’. वापरकर्ता ‘उझुआरियो’ आणि ‘उतिलिझादोर’. हे फरक निदान नुसते परके वाटतात. काही फरक मात्र अंगाशी येतात.

‘फी’ हा त्यातला सगळ्यात वाईट. मराठीत आपण सरसकट ‘फी’ म्हणतो, म्हणून आधी फोड करा. सरकारी किंवा सेवेचं शुल्क ‘ताशा’. वकिलाची, डॉक्टरची फी ‘ओनोरारियोस’. शाळेची दरमहा फी ‘मेंसालिदादे’. विद्यापीठाच्या फीला पोर्तुगालमध्ये ‘प्रोपीना’ म्हणतात. हाच ‘प्रोपीना’ ब्राझीलमध्ये लाच या अर्थाने चालतो. पोर्तुगालसाठी केलेलं शुल्कपत्रक जसंच्या तसं ब्राझीलच्या विद्यार्थ्यांना पाठवलं तर ‘दर सत्राची लाच’ असं वाचलं जाईल. ‘फॅक्ट’ही असाच: ब्राझीलमध्ये ‘फातो’, पण पोर्तुगालमध्ये ‘फातो’ म्हणजे कपड्यांचा सूट, वस्तुस्थितीला तिथे ‘फाक्तो’ म्हणतात, कारण मधला ‘क’ तिथे उच्चारला जातो. 1990 च्या लेखन कराराने न उच्चारली जाणारी अक्षरं काढली, उच्चारली जाणारी ठेवली.

एकट्या शब्दाचं काय करायचं

तक्त्यात एकटा शब्द आला की तीन गोष्टी क्रमाने बघा. पहिली, त्या ओळीचं ओळखनाव. प्रोग्रामरने दिलेल्या नावात ‘बटण’, ‘शीर्षक’, ‘स्थिती’ अशा अर्थाचा तुकडा असतो. दुसरी, वरच्या-खालच्या पाच ओळी. ‘ओपन’च्या खाली ‘क्लोज’, ‘सेव्ह’, ‘प्रिंट’ असेल तर ते बटण आहे, म्हणजे क्रियापद, आणि बटणावर मूळ रूप लिहितात: ‘आब्रिर’. खाली ‘पेंडिंग’, ‘कम्प्लीटेड’ असेल तर ती स्थिती आहे, म्हणजे ‘आबेर्तो’ किंवा ‘आबेर्ता’. तिसरी गोष्ट नेमकी हीच: काय उघडं आहे? मराठीतही दार उघडं, खिडकी उघडी असं बदलतं, म्हणून आपल्याला हा प्रश्न आपोआप पडायला हवा. मागणी, म्हणजे ‘पेदीदो’, असेल तर ‘आबेर्तो’. खातं, म्हणजे ‘कोंता’, असेल तर ‘आबेर्ता’. मराठीतलं लिंग मात्र तिकडे नेऊ नका. ‘मागणी’ स्त्रीलिंगी, ‘पेदीदो’ पुल्लिंगी.

‘फ्री’ एकटा आला तर थांबाच. मोफत असेल तर ‘ग्रातीस’ किंवा ‘ग्रातुइतो’, मोकळी जागा असेल तर ‘लीव्रे’. पार्किंगच्या ॲपमध्ये ‘लीव्रे’ म्हणजे जागा रिकामी आहे. पैसे पडणार नाहीत असा अर्थ त्यातून निघत नाही. ‘चार्ज’ही तसाच: बॅटरी भरणं ‘कारेगार’, पैसे आकारणं ‘कोब्रार’, आरोप ठेवणं ‘आकुझार’. विजेच्या स्कूटरच्या ॲपमध्ये पहिले दोन्ही अर्थ एकाच पानावर येतात, आणि तिथेच चूक होते.

तिन्ही बघूनही उलगडलं नाही तर ग्राहकाला विचारा, पण ‘याचा अर्थ काय?’ असं विचारू नका. उत्तर येईल, ‘चार्ज म्हणजे चार्ज.’ पर्याय द्या: ‘42 व्या ओळीतला चार्ज बॅटरीचा आहे की पैशांचा? त्या पानाचा स्क्रीनशॉट पाठवाल का?’ सगळ्या शंका एकाच यादीत, दिवसातून एकदा पाठवाव्यात. तोवर रकाना रंगवून ठेवावा, अंदाजाने भरू नये. अंदाजाने भरलेला रकाना नंतर कोणी परत तपासत नाही.

निवडलेला शब्द तपासणं

शब्द सापडला की तो पोर्तुगीज-पोर्तुगीज शब्दकोशात उलटा बघा. प्रिबेराम आणि मिकाएलिस हे दोन्ही इंटरनेटवर फुकट आहेत. पहिला पोर्तुगालचा, दुसरा ब्राझीलचा. तुमचा अर्थ तिथे चौथ्या-पाचव्या क्रमांकावर असेल तर शब्दाला आधार द्यावा लागेल. ‘बांको’ म्हणजे बँक, पण बसायचं बाकही. ‘पोलीतिका’ म्हणजे धोरण, आणि राजकारणही. अशा वेळी ‘पोलीतिका दे प्रिवासिदादे’सारखी जोड लावली की वाचणारा अडखळत नाही. विम्याची पॉलिसी मात्र साफ वेगळी, ‘आपोलिसे’.

वस्तू असेल तर पोर्तुगीज शब्द टाकून इंटरनेटवर चित्रं शोधा. ‘शावेता’ लिहिल्यावर पोलादाचे छोटे चौकोनी तुकडे दिसले पाहिजेत. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि ते शब्दकोशापेक्षा जास्त वेळा वाचवतं. कायद्याच्या आणि सरकारी शब्दांसाठी युरोपीय संघाचा ‘इयाते’ हा परिभाषेचा साठा चांगला, पण तो युरोपीय पोर्तुगीजचा. ब्राझीलच्या तांत्रिक कामाला तिथल्या मानक संस्थेची, ‘आबेएनेते’ची, परिभाषा धरावी.

यंत्राकडून भाषांतर करून घेत असाल तर त्याला एकटा शब्द कधीच देऊ नका. पूर्ण वाक्य तयार करून द्या: ‘शाफ्टवरच्या खाचेत की बसवा.’

कामाबरोबरच शब्दसूची वाढवत न्या. रकाने पाच: इंग्रजी शब्द, मराठी अर्थ, लिंगासह पोर्तुगीज शब्द, देश, एक नमुना वाक्य. एका इंग्रजी शब्दाला जितके मराठी अर्थ तितक्या ओळी. ‘की’ला सात-आठ ओळी सहज होतील. आणि शेवटी एखादा शब्द बदलायची वेळ आली तर ‘सगळीकडे बदला’ हे बटण दाबू नका. एक तर त्यात दुसऱ्या अर्थाचे शब्दही बदलतात. शिवाय पोर्तुगीजमध्ये ‘चा-ची’साठी येणारा ‘दे’ पुढच्या शब्दाच्या लिंगदर्शक शब्दात मिसळतो: स्त्रीलिंगी असेल तर ‘दा’, पुल्लिंगी असेल तर ‘दो’. ‘दा शावे’मधली ‘शावे’ काढून पुल्लिंगी ‘कोदिगो’ घातलात तर मागचा ‘दा’ तसाच राहतो. प्रत्येक जागा उघडून, मागचे दोन शब्द वाचून, हातानेच बदलावी लागते.